एका शब्दाची दुरुस्ती आणि १३६ वर्षांचा फरक

मंडळी, "सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय" असं कुठल्याही कार्यालयात ऐकलं की आपण निर्धास्त होतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: घेतलेलं नीट राहतंय का, हे कोण बघतंय?

एक खरं उदाहरण देतो. लिनक्स फाईलची तारीख १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतं. त्याआधीची तारीख म्हणजे वजा आकडा. एक्स्ट२, एक्स्ट३ या फाईलसिस्टीममध्ये त्यासाठी डिस्कवर ३२ बिटांची जागा असते आणि सगळ्यात डावीकडचा बिट अधिक-वजा सांगतो. ६४ बिटांच्या मशीनवर वजा आकडा वाचताना वाढलेल्या ३२ जागांत एक भरायचे असतात. ड्रायव्हर तिथे शून्यं भरत होता. लहान वहीतली बाकी मोठ्या वहीत उतरवताना वजाचं चिन्हच गळावं, तसं.

परिणाम काय? १ जानेवारी १९०४ ची फाईल दिसायची ६ फेब्रुवारी २०४० ची! मशीन बंद पडत नाही, तक्रार करत नाही, चुकीची तारीख बिनधास्त दाखवतं. २००७ मध्ये दुरुस्ती झाली. काय केलं? वाचणाऱ्या ओळींत 'हा आकडा चिन्हासकट वाच' एवढं सांगणारा एक शब्द घातला.

पुढे एक्स्ट४ ने तारखेला दोन बिट वाढवून दिले, मर्यादा २०३८ वरून २४४६ वर गेली. तिथेही त्याच जातीची चूक निघाली: ६४ बिटांच्या मशीन १९०१ ते १९७० मधल्या तारखांना हे जादा बिट चुकीचे लावून डिस्कवर लिहीत होत्या. २०१५ मध्ये कोड सुधारला. पण आधी लिहिलेलं चुकीचं डिस्कवर तसंच! ते सुधारायला डिस्क तपासणारा वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोड दुरुस्त झाला म्हणजे नोंदी दुरुस्त झाल्या असं नाही. जुन्या पद्धतीनं, १२८ बाइटच्या आयनोडने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ते दोन जादा बिट मावतच नाहीत. तिथे १९ जानेवारी २०३८ हीच शेवटची तारीख, ड्रायव्हर कितीही नवा असो.

त्यामुळे नगरपालिका असो की जिल्हा परिषद, टेंडरमध्ये दोन अटी हव्यातच: १९७० आधीच्या आणि २०३८ नंतरच्या तारखा टाकून चाचणी, आणि जुन्या डिस्कच्या तपासणीसाठी वेगळी तरतूद. नव्या मशीनच्या उद्घाटनाला फीत कापतात, देखभालीला कुणी कापत नाही. म्हणून ती आपणच मागायला हवी.

तुमच्या गावात हे कुणी विचारलंय का? कमेंटमध्ये सांगा.