जिरवलेल्या पाण्याचा उपसा कोण मोजणार?

जमिनीतले पाणी खोल गेले आहे, हे आता कुणी कुणाला सांगायला नको. ज्यांच्या आजोबांना चाळीस फुटांवर गोडे पाणी लागले, त्याच घरांतली मुले आज आठशे फुटांवरून नुसता फुफाटा वर येताना पाहतात. लातूर, बीड, जालना, धाराशिव, माण, सांगोला, सगळीकडे हीच कहाणी आहे. गेली पन्नास वर्षे आपण पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणत आलो. त्यासाठी श्रमदान केले, सरकारी तिजोरी रिती केली. पण जिरवलेले पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसतो, हा प्रश्न गावाच्या पारावर नीट मांडला गेलाच नाही. तो मांडण्यासाठी हे मुद्दे.

१. आपण कोणत्या दगडावर राहतो, हे आधी ध्यानात घेऊ. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. गंगेच्या मैदानात शेकडो फूट वाळू आणि गाळ असतो, तसा पाणी धरून ठेवणारा थर आपल्याकडे नाही. आपले पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या दगडात आणि पाषाणाच्या फटींत. जुन्या विहिरी तीस ते साठ फुटांवर थांबत, त्याचे कारण हेच होते. पावसाने दरवर्षी भरतो तो हाच वरचा थर. त्याच्या खाली, शेकडो फुटांवरच्या एखाद्या भेगेत जे पाणी सापडते, ते मुरायला कित्येक वर्षे गेलेली असतात. एकदा उपसले की पुढच्या पावसाळ्यात ते परत येत नाही. शिवाय खोल बोअर वरच्या थराला आरपार भोक पाडतो आणि केसिंग अर्धवट घातले असेल, तर शेजारच्या विहिरींचे पाणी त्याच भोकातून खाली उतरते. खोल जाणारा बोअर बहुतेक वेळा नवे पाणी शोधत नसतो. शेजाऱ्याचे पाणी तो आपल्याकडे ओढून घेत असतो.

२. मग हे पाणी कुणाचे? इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने रुजवलेली समजूत आजही टिकून आहे: ज्याची जमीन, त्याचे तिच्याखालचे पाणी. सातबाऱ्यावर जमिनीची हद्द असते, पण पाणी ती हद्द ओळखत नाही. दहा शेतांखालून एकच फट जाते आणि ज्याच्याकडे जास्त अश्वशक्तीची मोटर व जास्त खोल जाण्याइतका पैसा आहे, तो बाकी नऊ जणांचा वाटा ओढतो. ज्याची विहीर आटली, तो लहान शेतकरी मग काय करतो? दागिने गहाण टाकतो, सावकाराकडे जातो, पाणाड्याने नारळ धरून दाखवलेल्या जागी बोअर मारतो. एक कोरडा गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. कर्जाच्या आणि आत्महत्यांच्या चर्चेत बियाण्याचा, खताचा खर्च मोजला जातो. कोरड्या गेलेल्या बोअरचा खर्च क्वचितच मोजला जातो. आणि ज्याला जमीनच नाही, त्या शेतमजुराचे काय? त्याने एक थेंब उपसलेला नसतो, तरी एप्रिलमध्ये टँकरमागे त्याचीच बायको आणि मुलगी हंडा घेऊन धावते. उपशाचा फायदा मूठभरांच्या खात्यात आणि तुटीचा भार साऱ्या गावावर, ही वाटणी आपल्याला मान्य आहे का?

३. खोल पाणी केवळ महाग असते असे नाही, ते अनेक ठिकाणी बाधतेही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात डागाळले, मोठ्यांची हाडे आणि सांधे जखडले. उघड्या विहिरीचे उथळ पाणी संपले म्हणून ज्यांना हातपंपाचे खोल पाणी प्यावे लागले, त्यांच्या हाडांनी आपल्या निष्काळजीपणाची किंमत मोजली.

४. आता पाणी जिरवण्याच्या मोहिमांकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव आणि नाला बांध झाले, नंतर पाणलोट विकास आला, मग जलयुक्त शिवार. लोकांनी उन्हातान्हात चर खोदले, त्या घामाचा अनादर कुणी करू नये. पण जलयुक्त शिवारावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्यानंतर, २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने काय म्हटले? गावे पाण्याने स्वयंपूर्ण करणे आणि भूजलाची पातळी वाढवणे, या दोन्ही उद्दिष्टांवर मोहिमेचा परिणाम फारसा झाला नाही. हे का झाले, याचे उत्तर कोणत्याही शिवारात मिळते. बंधाऱ्यात पाणी दिसले की त्याच वर्षी खालच्या अंगाला नवे बोअर पडतात, विहिरींच्या पोटात आडवे बोअर मारले जातात आणि ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस किंवा नवी फळबाग उभी राहते. वाढलेले पाणी पहिल्या दोन वर्षांत नव्या पिकाने पिऊन टाकले, की गाव पुन्हा टँकरवर. उपशावर बंधन नसताना केलेले जलसंधारण म्हणजे बुडाला भोक असलेल्या रांजणात घागरी ओतणे आहे.

५. शेततळ्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी शेताच्या सखल कोपऱ्यात धरावे आणि पावसात खंड पडला की एखादे संरक्षित पाणी पिकाला द्यावे, ही मूळ कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक या भागांत फिरून पाहा. तळी उंचवट्यावर आहेत, तळाला प्लास्टिकचा कागद आहे आणि ती भरतात विहिरी-बोअरमधून मोटर लावून. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेले पाणी उपसून आपण मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडे ठेवतो, आणि त्यातले किती उडून जाते याची नोंद कुठेच होत नाही. एकाने तळे भरले की शेजाऱ्याला वाटते, मी नाही उपसले तर तो उपसणार; मग तोही भरतो. ज्या कामाला जलसंधारण म्हणून अनुदान मिळते, तेच भूजल संपवण्याचे साधन झाले आहे, आणि हे अनुदान तुमच्या-माझ्या करातून जाते.

६. याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तो ऊस का लावतो? लावण बारा ते अठरा महिन्यांची, नंतर खोडवा, पण कारखाना ऊस नेणार हे ठरलेले, आणि रास्त व किफायतशीर दर कायद्याने बांधलेला. उलट तुरीचे, हरभऱ्याचे हमीभाव जाहीर होतात, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल, बारदाना मिळेल आणि माल पूर्ण घेतला जाईल याची हमी कुणाला आहे? दुष्काळी पट्ट्यात साखर कारखान्यांना परवाने कुणी दिले? शेतकऱ्याने तर दिले नाहीत. २०२४ मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ केले. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण कमी पाणी उपसणाऱ्याला त्यात काय मिळाले? कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्याकडे पंपच नाही, काय मिळाले? जितका उपसा अधिक तितकी मदत अधिक, असे धोरण आखणाऱ्यांनी नंतर पाण्याच्या टंचाईबद्दल गावाला उपदेश करू नये.

७. पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. २०२३ चा ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली. मोठा खंड आणि मग दोन दिवसांत कोसळणारा पाऊस, असा पाऊस जमिनीत कमी मुरतो आणि नदीला अधिक वाहतो. म्हणजे एका बाजूने भरणा बेभरवशाचा झाला आणि दुसऱ्या बाजूने काढणे वाढतच गेले. १९७२ ला खायला अन्न नव्हते, पण विहिरींना पाणी होते, असे जुनी माणसे सांगतात. जमिनीतले ते पाणी ही आपली दुष्काळातली शिल्लक होती, आणि ती आपण चांगल्या पावसाच्या वर्षांतही खर्चून टाकली.

८. कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आहे. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी वा उद्योगासाठी घेण्यास त्यात मनाई आहे. बोअर मारणाऱ्या गाड्यांची नोंदणी, पिण्याच्या सार्वजनिक उद्भवाभोवतीचे संरक्षण, पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक नियोजन, सारे त्यात आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारखे जाणते खाते आपल्याकडे अर्धशतकापासून आहे. त्याची माणसे निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षे नोंदवत आहेत. मग सहाशे, आठशे फुटांचे बोअर पडतात कसे? तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली गाडी लपवून नेता येत नाही. तिचा आवाज दोन शिवारांपलीकडे जातो, तिची धूळ तलाठ्याला दिसते, सरपंचाला दिसते, आमदाराला दिसते. मतांच्या भीतीने जो कायदा अकरा-बारा वर्षे कागदावर ठेवला गेला, त्याच्या अंमलबजावणीच्या अभावाची शिक्षा मात्र ज्यांना मत देण्याचे वय नाही ती पोरे भोगणार आहेत.

९. हे जमणारच नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्यात डोळे उघडून पाहावे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात हक्क, आणि उसाला मनाई. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी वर्ज्य केली. तिथे दरवर्षी पाऊस मोजला जातो आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय पेरायचे हे ठरते. पाऊस कमी झाला तर पेराही कमी होतो. यात न परवडणारे तंत्र कोणते आहे? अवघड आहे ती एकच गोष्ट: शेजाऱ्याच्या तोंडावर, सर्वांदेखत, मी इतकेच पाणी घेईन असे कबूल करणे. ती अवघड गोष्ट लोकांनी केली, आणि शासनाने त्या गावांना पुरस्कार देऊन त्यांचा नियम मात्र फाइलीत ठेवला.

१०. म्हणून मागणी नेमकी करू. दर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीच्या पेरणीआधी, गावाच्या पाण्याचा ताळेबंद वाचला गेलाच पाहिजे: किती पाऊस झाला, किती मुरले, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखले, उरलेल्यात किती एकर भिजेल. गावातला प्रत्येक बोअर आणि प्रत्येक विहीर, खोलीसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली जावी. विहिरीच्या पाण्याने भरणाऱ्या शेततळ्याचे अनुदान थांबावे. कमी पाण्याचे पीक घेणाऱ्याला वीजमाफीइतकीच मदत थेट मिळावी आणि त्याचा माल हमीभावाने पूर्ण खरेदी व्हावा. कायदा मोडणाऱ्या गाडीच्या मालकावर आणि ती गाडी पाहूनही गप्प बसलेल्या अधिकाऱ्यावर, दोघांवर कारवाई व्हावी. शहरांनाही यातून सूट नको. ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, त्यांच्या उपशालाही मीटर बसावा. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि सभामंडप मागण्याआधी विचारा: २००९ च्या भूजल कायद्याखाली आपल्या तालुक्यात आजवर किती कारवाया झाल्या? आकडा मिळेपर्यंत त्याला उंबऱ्यावरच उभा ठेवा.