शिकायला पाठवलं, निवडू दिलं नाही

देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूरकडून दरवर्षी दहावीनंतर मुली लातूर-नांदेडला येतात. कुणाच्या बापानं त्यासाठी कर्ज काढलेलं असतं, कुणाच्या आईनं गळ्यातलं मोडलेलं असतं. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीटचे क्लास, वसतिगृहातली अरुंद कॉट, मेसचा डबा. अनेक घरांतून शिक्षणासाठी गाव सोडणारी ती पहिलीच बाई असते. 2024 मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. हे चांगलं झालं. मुलगी बाहेर पडावी, मोठी व्हावी यावर आता घर, गाव, सरकार सगळ्यांचं एकमत आहे.

एकमत तिथंच संपतं. तिनं ॲप्रन घालावा, इंग्रजी बोलावं, पुण्या-मुंबईत वावरावं. जीव मात्र भावकीला पटेल त्यालाच लावावा. हे जमणार कसं? लॅबमध्ये, ग्रंथालयात, इंटर्नशिपच्या रात्रपाळीत शेजारी जो माणूस असतो, त्याची जात विचारून ओळख होत नाही. पुण्यातल्या मित्राच्या घरी तिच्या ‘जायलाव, करायलाव’ या बोलीला हसतात. गावी आली की ‘आता तू पुण्याची झालीस’ हे ऐकावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या मुली यांच्यातलं असंच अंतर एमी टॅन यांनी 1989 मध्ये ‘द जॉय लक क्लब’ या कादंबरीत मांडलं. त्या घरांमध्ये एक महासागर होता. आपल्याकडं निलंग्याहून सुटलेली एसटी लातूरला पोचेपर्यंत तेवढं अंतर पडतं.

शिकलेल्या मुलीला स्थळ चांगलं मिळतं म्हणतात. पण डॉक्टर मुलीला डॉक्टरच नवरा हवा आणि त्याचा भाव तिच्या पदवीनं उतरत नाही, चढतो. शिक्षणावर कर्ज, मग लग्नावर कर्ज. ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांचं काय होतं, हे लातूर तालुक्यानं 2017 मध्ये पाहिलं: बापाकडं हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्न होत नाही, असं लिहून ठेवून एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीनं जीव दिला. आणि जिनं स्वतःच निवड केली तिचं? जानेवारी 2023 मध्ये नांदेड जिल्ह्यात होमिओपॅथी शिकणाऱ्या एका मुलीचा प्रेमसंबंधावरून खून झाला. आरोपी म्हणून पकडले गेले ते तिचे वडील, भाऊ आणि जवळचे नातेवाईक. मुलीला डॉक्टर करायला निघालेलं घर होतं ते. मुलगी शिकली की घर आपोआप सुधारतं, ही आपली समजूत त्या घटनेनं खोटी ठरवली आहे.

अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ ज्या महाविद्यालयात घडला त्याला राजर्षी शाहूंचं नाव आहे. शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. त्यांचं वसतिगृह आपण घेतलं, शिष्यवृत्ती घेतली, हा कायदा मात्र घेतला नाही. मला हे फार लागतं, कारण शाहूंचं नाव लातूर-नांदेडात आदरानं घेतलं जातं.

दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर त्याला घराची, जातीची, कुळाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2018 रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात स्पष्ट सांगितलं. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा याबद्दलही त्याच निकालात सांगितलं आहे. हे लातूर-नांदेडच्या किती वसतिगृहांत कुणी मुलींना सांगतं? प्रवेशाच्या दिवशी नियमांचा कागद हातात देतात, मेसची वेळ, गेटची वेळ. त्याच कागदावर जिल्ह्याच्या कक्षाचा पत्ता आणि नंबर छापावा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं आपल्या सगळ्या महाविद्यालयांना तसं पत्र काढावं. त्याला नवा निधी लागत नाही. आणि पालकसभेत मार्कांच्या जोडीनं हाही विषय निघावा, मुली समोर बसलेल्या असताना.