घर आपले, भिंत कुणाची?

दिवाळी तोंडावर आली किंवा मुलाचे लग्न ठरले की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता एकदा घराचे काही तरी करायला हवे.’ हे ‘काही तरी’ पूर्वी चुना, रंग आणि फार तर एखादी नवी मांडणी एवढ्यावर भागत असे. आता त्याचा अर्थ पार बदलला आहे. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत जाते, गॅलरी आत घेतली जाते, जुन्या फरशीवर नवी फरशी चढते. गंमत अशी, की लाखालाखांचे हे काम चालू असताना त्याच घरातला एखादा नळ महिनोन् महिने टपटपत असतो. त्याचा वायसर बदलायला माणूस मिळत नाही, अशी घरमालकाची तक्रार असते.

थट्टेचा भाग सोडून द्या. पण या चित्रात आपल्या नागरी जीवनातली एक मोठी विसंगती दडलेली आहे. जिथे आपण स्वतः हात घालायला हवा तिथे आपण घालत नाही, आणि जिथे जाणकाराला विचारल्याखेरीज हात घालू नये तिथे बेधडक घालतो. पहिल्या प्रकारात पैसा आणि पाणी वाया जाते. दुसऱ्या प्रकारात माणसे जातात.

पूर्वी हे असे नव्हते. कोकणात मृग लागण्याआधी कौले चाळण्याच्या कामाला घरातलीच माणसे जुंपलेली असत. फुटके कौल कोणते, वळचणीचे पाणी कुठे जिरते, कोणत्या वाशाला वाळवी लागली, हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक असे. देशावर धाब्याची माती पावसापूर्वी नीट केली जाई. शहरातल्या चाळीत वीज गेली की मेणबत्तीच्या उजेडात फ्यूजची तार घालणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक मजल्यावर सापडे. घर कसे उभे आहे याचे एक साधे भान घरातल्या सर्वांना होते.

अर्थात, जुन्याचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. बलुतेदारीने हाताची कामे जातीजातींत वाटून टाकली होती, आणि लेखणी धरणाऱ्याने करवत धरणे हा कमीपणा, ही समजूत तिथूनच आली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हात आणि डोके यांना एकत्र शिकवणाऱ्या शिक्षणाचा आग्रह धरला. पुढे आपल्या शाळांतून त्याचे ‘कार्यानुभव’ झाले आणि कार्यानुभवाचे बहुधा गुण उरले. त्यातच आपल्याकडे मजुरी स्वस्त. पश्चिमेकडे कारागिराचा तासाचा दर परवडत नाही म्हणून लोक पान्हा हाती धरायला शिकले. आपल्याला ती गरजच पडली नाही.

आता मात्र ती पडू लागली आहे. छोट्या कामासाठी चांगला कारागीर येत नाही. आला तरी येण्याचेच पैसे कामापेक्षा जास्त होतात. २०२० च्या टाळेबंदीत काही आठवडे कुणीच घरी येऊ शकत नव्हते, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदाच पक्कड आणि टेफ्लॉन टेप हाताळली. मोबाइलवर चित्रफिती पाहून शिकण्याची सोय झाली. हा बदल स्वागतार्ह आहे. हिशेबच करायचा तर असा : नळातून सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोज चार लिटरांहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाहून जाते. ते थांबवायला एक वायसर, एक पान्हा आणि खालचा कॉक बंद करण्याची आठवण एवढेच लागते.

पण याच चित्रफितींत एक फसगतही आहे. त्यांतल्या कितीतरी अमेरिकेसारख्या देशांतल्या असतात. तिथली बरीच घरे लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या. तिथला गृहस्थ शनिवारी भिंत उतरवतो आणि रविवारी नवी उभारतो. आपल्या इमारती विटांच्या आणि काँक्रीटच्या. जुन्या इमारतींत तर अनेकदा खांबच नसतात. वरच्या मजल्यांचा सगळा भार भिंतीच पेलतात. भार घेणारी भिंत कोणती आणि नुसत्या आडोशाची कोणती, हे ठोकून पाहून कळत नाही. त्यासाठी इमारतीचा नकाशा आणि तो वाचणारा अभियंता लागतो.

हे न पाळल्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरच्या जागेत केलेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची ‘साईदर्शन’ इमारत पडली आणि १७ जणांचा बळी गेला. तिथेही तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. या दोन्ही घटनांत मेलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या घरात काहीही केलेले नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

खांबाला हात लावला नाही म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. फरशीचेच उदाहरण घ्या. जुनी फरशी उखडण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच दगडी फरशी बसवतात. दोन सेंटिमीटर जाडीचा दगड आणि त्याखाली तीन सेंटिमीटर मसाला धरला, तर एका चौरस मीटरवर सुमारे ११५ किलो वजन वाढते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत हे वजन एक टनाच्या वर जाते. राहत्या घरात माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार येईल, असे धरून आपल्याकडे स्लॅब बांधतात. म्हणजे माणूस आत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यातला निम्म्याहून अधिक वाटा फरशीने खाल्लेला असतो. गॅलरीत भिंत चढवून मातीच्या कुंड्या मांडणाऱ्यांनीही हा हिशेब करून पाहावा. गॅलरी बहुधा एकाच बाजूने धरलेली असते.

बाथरूमचे तेच. फरशी फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दुखावतो, नहाणी ट्रॅपचा सांधा हलतो. पाणी हळूहळू स्लॅबमध्ये उतरते आणि आतली सळई गंजते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. ते फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. वरच्याच्या घरात चकचकीत टाइल्स, खालच्याच्या छताला पोपडे. मग सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षे भांडण.

विजेच्या बाबतीत मात्र कायद्याने एक सुरेख रेघ फार पूर्वीच आखून ठेवली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत म्हटले होते, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलायला परवानाधारक कंत्राटदाराची गरज नाही, मात्र त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटता कामा नये. बिघडलेले बटण बदला. पण एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी मोठा एमसीबी बसवू नका. तो पडतो तो भिंतीतली वायर वाचावी म्हणून. दोन हजार वॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. त्याची पिन सहा अँपिअरच्या प्लगात कशीबशी बसवणे म्हणजे भिंतीत निखारा पुरून ठेवणे आहे.

मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही अशीच रेघ आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या दुरुस्त करणे ही कामे पूर्वसूचनेवाचून करता येतात. भार घेणारी भिंत काढणे, पोटमाळा वाढवणे, जमीन खोल करणे ही त्यात बसत नाहीत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत वाढीव बांधकाम किंवा फेरफार करायचे तर समितीची लेखी परवानगी लागते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण व्हावे, असेही त्यांत सांगितले आहे. तेव्हा नियमांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो शेजाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याच्या धैर्याचा, आणि आपल्याला कुणी ‘थांबा’ म्हटले तर ते ऐकून घेण्याचा. समितीचे पदाधिकारीही शेजारीच असतात. वाईटपणा कोण घेणार?

बँकेत असताना घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज माझ्यासमोर येत. अंदाजपत्रकात फरशी, ओटा, कपाटे, खिडक्या यांची तपशीलवार यादी असे. अभियंत्याच्या सल्ल्याची फी लिहिलेली क्वचितच दिसे. जी गोष्ट पाहुण्यांना दिसत नाही तिच्यावर खर्च करणे आपल्याला जड जाते. आपण घर दाखवण्यासाठी दुरुस्त करतो, टिकवण्यासाठी नव्हे.

सदनिकेची मालकी कागदावर आपली असते, पण ती गिलाव्याइतकीच खोल असते. गिलाव्याच्या आत जी वीट, सळई आणि नळी आहे ती वरच्याचीही आहे आणि खालच्याचीही. म्हणून घरातल्या कामांच्या दोन याद्या कराव्यात. नळाचा वायसर, बिजागरी, खिळा, बल्ब, कपाटाची मूठ, खिडकीची लांबी आणि भिंतीचा रंग ही पहिली यादी. ती घरातल्या सगळ्यांनी, मुलींनीसुद्धा, शिकून घ्यावी. काम करताना मेन स्विच बंद करणे आणि टेस्टरने खात्री करणे हा पहिला धडा. भिंत, स्लॅब, गॅलरी, बाथरूमची जमीन आणि नवी वायर ही दुसरी यादी. तिथे आधी अभियंता किंवा परवानाधारक कारागीर, मग समितीची लेखी परवानगी, आणि त्यानंतर हातोडा.

पहिल्या यादीचा लाभ पैशापुरता नाही. ज्याने स्वतः एकदा नळ उघडून पाहिला आहे त्याला भिंतीत पाणी कसे फिरते याची कल्पना येते, आणि असा माणूस भिंत पाडायला निघालेल्या कंत्राटदाराला दोन प्रश्न जास्त विचारतो. येत्या सुटीत टपटपणाऱ्या नळापासून सुरुवात करायला हरकत नाही. आणि त्याच दिवशी सोसायटीच्या कचेरीत जाऊन इमारतीचा नकाशा कुठे ठेवला आहे आणि शेवटचे परीक्षण कधी झाले, एवढे विचारून यावे. उत्तर चटकन मिळाले नाही, तर पुढच्या सर्वसाधारण सभेचा पहिला विषय कोणता असावा हे वेगळे सांगायला नको.