अ‍ॅडलेडचे रस्ते

राबत्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती भरवाव्यात काय, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना एका शब्दात देता येईलसे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीने, अ‍ॅडलेडने, या प्रश्नाशी चाळीस वर्षे झुंज दिली आहे आणि तो अद्यापि पुरता सुटलेला नाही.

1985 ते 1995 अशी अकरा वर्षे ‘फॉर्म्युला वन’ हंगामाची अखेरची शर्यत याच शहरात होत असे. 1986 मध्ये नायजेल मॅन्सेल यांना जगज्जेतेपदासाठी तिसरा क्रमांकही पुरेसा होता. परंतु एरवी नागरिकांची ये-जा असते त्या रस्त्यावर, ताशी सुमारे 290 किलोमीटर वेगात, त्यांच्या गाडीचा मागचा टायर फुटला आणि विजेतेपद अ‍ॅलेन प्रॉस्ट यांच्याकडे गेले. 1994 मध्ये मायकेल शूमाकर व डेमन हिल यांच्या गाड्या आदळल्या, दोघेही बाद झाले, आणि शूमाकर एका गुणाने जगज्जेते ठरले. ती धडक हेतुपुरस्सर होती काय, याचा वाद आजही चालतो. 1995 च्या पात्रता फेरीत मिका हॅकिनेन भिंतीवर आदळले, तेव्हा डॉक्टरांनी रस्त्यावरच त्यांचा गळा छेदून श्वासमार्ग मोकळा केला. अशा शर्यतीस निव्वळ धनिकांचा पोरखेळ म्हणणे आम्हांस जमणार नाही.

1996 पासून ती शर्यत मेलबर्नने पळविली. 1999 पासून अ‍ॅडलेडच्या आखूड केलेल्या मार्गावर देशी मोटारींची शर्यत सुरू झाली. 2020 मध्ये तत्कालीन राज्य सरकारने ती बंद केली, आणि ती परत आणण्याचे आश्वासन देणारा मजूर पक्ष मार्च 2022 मध्ये सत्तेवर आला. त्याच वर्षापासून हंगामाचा शेवट पुन्हा तेथे होऊ लागला. तेव्हा लोकांना शर्यत नकोच आहे, हा आक्षेप टिकत नाही.

मात्र लोकांची संमती कशास आहे, हे नीट पाहिले पाहिजे. शर्यतीचा मार्ग व्हिक्टोरिया पार्कमधून जातो. कर्नल विल्यम लाइट यांनी 1837 मध्ये शहर आखले, तेव्हा त्याच्या भोवती हिरवाईचे जे कडे राखले, त्याचाच हा भाग; 2008 मध्ये या कड्यास राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. तेथे प्रेक्षकांसाठी कायमची इमारत बांधण्याचा बेत 2007 मध्ये नगरपरिषदेच्या विरोधामुळे बारगळला. आमच्या मते नगरपरिषदेने योग्य तेच केले. धावपट्टीचे डांबर मात्र उद्यानात राहिलेच आहे! शर्यत चार दिवसांची. परंतु काँक्रीटचे अडथळे, कुंपणे व सज्जे उभारण्यास आणि उतरविण्यास कित्येक आठवडे जातात, आणि तेवढा काळ हरळीवर फिरावयास येणाऱ्या म्हाताऱ्यास वळसा घालावा लागतो. त्याने तिकीट काढलेले नसते, पण करापुरता तोही शर्यतीचा भागीदार असतोच.

शर्यत बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. शहराने वर्षातून एकदा आपल्या दारात पाहुण्यांना बोलावून गोंगाट सोसावा, यात गैर काही नाही. आमच्याकडील सणांतही आम्ही ते सोसतोच. परंतु ज्या दिवशी तिकिटांची तारीख जाहीर होते, त्याच दिवशी शेवटचे कुंपण उद्यानातून कोणत्या तारखेस निघेल हेही सरकारने जाहीर करावे, आणि सरकारी तिजोरीतून किती पैसा गेला व किती परत आला याचा हिशेब पुढील शर्यतीपूर्वी विधिमंडळापुढे ठेवावा.