इलेक्ट्रॉनिक किट बसवलं, म्हणून टायमिंग सुटत नाही

आज पिकाचं नाही, जीपचं लिहितोय. आमच्या वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप, हरिकेन इंजिन. गावातल्या बाकी सगळ्यांनी डिझेल इंजिनं टाकली, आम्ही नाही टाकलं.

गेल्या हंगामात प्लॅटिनम पॉइंटच्या कटकटीला कंटाळून डेल्कोत इलेक्ट्रॉनिक किट बसवून घेतलं. पहिल्या सेल्फला गाडी चालू! मिस्त्री म्हणाले, "दादा, आता टायमिंग बघायचं कामच नाही." मीही खूश. चार दिवसांनी टोमॅटोचे क्रेट भरून घाट चढायला लागलो, तर इंजिनातून खडखड आणि काटा लाल पट्टीकडे. अर्ध्या घाटात थांबलो. माल उशिरा पोचला, भाव जो मिळायचा तो मिळाला. पिस्टन वाचला हे नशीब.

माझं स्पष्ट मत आहे: "किट बसवलं की टायमिंग बघायचं नाही" हे गॅरेजवाल्यांनी बोलणं बंद करावं. त्यात अर्धंच खरं आहे. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, ठिणगी हळूहळू उशिरा पडायला लागते. किटमध्ये घासणारं काही नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग टिकतं. पण ते एकदा लावावं तर लागेल ना! पॉइंट जिथं उघडायचा, बरोबर तिथंच सेन्सर चुंबक ओळखेल असं नाही. डेल्को जागचा न हलवता किट टाकलं की काही अंशांचा फरक पडतोच. पेरणीयंत्र नवं आणलं म्हणून वाफसा बघायचं सोडतो का आपण?

घरी येऊन टायमिंग लाईट लावली. क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरीला, इंजिन गरम, आयडल जमेल तितका खाली. (ज्यांच्या डेल्कोला व्हॅक्यूमची नळी आहे त्यांनी ती काढून तिचं तोंड बंद करावं.) या इंजिनाला टीडीसीच्या 5 अंश आधी ठिणगी हवी. माझ्या जीपला पुलीची खाच 5 च्या खुणेपाशी यायच्या कितीतरी आधीच ठिणगी पडत होती. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून डेल्को रोटरच्या दिशेनं जरासा फिरवला. त्या दिशेनं फिरवलं की ठिणगी उशिरा, उलट फिरवलं की लवकर. खूण जुळली, बोल्ट आवळला, आवळल्यावर परत एकदा बघितलं, कारण आवळताना तो सरकतो. एवढंच काम, वीस मिनिटांचं. त्याचे वेगळे पैसे घ्या, पण करा.

खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर मात्र डेल्कोची बुश गेलीय. ते किटनं बरं होत नाही.

आणखी एक. लाल-काळी वायर उलटी जोडली की मॉड्यूल बहुधा जातंच, आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची सवय सोडा. माझा जुना पॉइंट नि कंडेन्सर अजून सीटखालच्या डब्यात आहे. मॉड्यूल रानात मेलं तर तोच घरी आणेल.

लाईट माझ्याकडे आहे. आसपास कुणाची पेट्रोल गाडी असेल तर रविवारी सकाळी घेऊन या, धारा काढून झाल्यावर मी मोकळाच असतो.