परवाना की परवानगी?

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या स्कूटीला पुढे-मागे लाल 'एल' लागला, तेव्हा आमच्या गल्लीला चार दिवस दुसरा विषय नव्हता. "वैनी, कॉलेजात नाव घातलंत काय?" समोरच्या पोराने विचारलंच.

कारण होत्या आमच्या अत्ती. (माझं माहेर मराठी, सासर कन्नड, सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून अत्तीच म्हणते.) त्यांची धाकटी बहीण वडगावात अंथरुणाला खिळलेली. हे नोकरीसाठी हुबळीला. रविवारी आले की अत्तींना गाडीवरून नेऊन आणत. मधले सहा दिवस अत्ती खिडकीत. रिक्षाचे पैसे सुनेकडे मागणं त्यांच्या जिवावर येई. मी आपणहून दिले तर "नाळे होगोण" म्हणत डब्यात टाकून ठेवत.

स्कूटी मुलीची, ती पुण्याला गेल्यापासून दारात. गल्लीतल्या गल्लीत मी ती फिरवत असे, तीही विनापरवाना. ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे.

चाळिशी उलटल्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं. मग शिकाऊ परवान्याची संगणकावरची परीक्षा. हट्टाने कन्नड निवडलं. बोलते फाडफाड, पण वाचताना अजून अक्षराला अक्षर जोडते. रोज रात्री अत्ती चष्मा लावून प्रश्न विचारायच्या. परवान्याला कन्नडात 'चालना परवानगी' म्हणतात. मला मनातल्या मनात हसू आलं. ह्यांनी "कशाला तुला या वयात?" म्हटलं होतं; परवानगी दिली ती अत्तींनीच.

शिकाऊ परवान्यावर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवता येत नाही. "मग मीच तुझी मास्तरीण," अत्ती म्हणाल्या. मास्तरणीकडेही परवाना लागतो म्हटल्यावर गप्प झाल्या आणि कॅलेंडरवर खुणा करू लागल्या. तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही.

एकतिसाव्या दिवशी मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढताना दुसऱ्या वळणावर माझा पाय टेकला. नापास! पुन्हा यायचं तर सात दिवसांनी. बाहेर एकजण हळूच म्हणाला, "अक्का, मला सांगितलं असतं तर हे झालंच नसतं." मोह झाला, खोटं कशाला सांगू? घरी आले तर अत्ती एवढंच म्हणाल्या, "अजून एक आठवडा." त्यांच्या बहिणीकडे किती आठवडे होते, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग रोज पहाटे मोकळ्या मैदानात विटा मांडून सराव. माझी चूक भाच्याने दाखवली. मी पुढच्या चाकाकडे बघत होते. नजर जिकडे वळायचं तिकडे हवी, रेस सारखी ठेवायची, वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक किंचित दाबायचा. पुढचा दाबला की गाडी आडवी. तीन दिवसांत आठ जमला. दुसऱ्या वेळी पास! परवाना दहा वर्षांचा, फक्त बिनगिअरच्या गाडीचा. ह्यांच्या मोटारसायकलला हात लावायचा नाही; तसा विचारही नाही.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. अत्तींच्या अंबाड्यावर ते बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. वडगावात पोचलो, तर हेल्मेट न काढताच त्या बहिणीच्या खाटेजवळ गेल्या. मावशींनी डोळे किलकिले केले. "यारव्वा, पोलीसरा?"

कितीतरी दिवसांनी त्या हसल्या, असं त्यांची सून म्हणाली.

परतताना उड्डाणपुलावर मागून अत्तींचा आवाज आला, "नाळे होगोण?"