दारं धरणाऱ्याला कोण विचारणार?

9 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने विद्युत कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला आणि हरकती-सूचना पाठवायला देशाला 30 दिवस दिले. त्या दिवशी मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय स्थिती होती? सीना, मांजरा, गोदावरीच्या पुराने शिवारे खरवडून नेली होती. मोटारी गाळात गाडल्या होत्या, विजेचे खांब आडवे पडले होते, सोयाबीन उभ्या जागी कुजले होते. पंचनाम्याला तलाठी कधी येतो याची वाट पाहत माणूस बांधावर बसला होता. त्यातच दिवाळी तोंडावर आलेली. या माणसाने त्या 30 दिवसांत दिल्लीचा मसुदा मिळवायचा, त्यातली कायद्याची भाषा उलगडायची आणि कलमागणिक हरकत लिहून पाठवायची! पुढे मुदत वाढली काय आणि न वाढली काय, ज्याच्या हाती मसुदाच पडला नाही त्याला तारखेचे काय? आमच्या पंचक्रोशीत एकाही ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याचा मराठी गोषवारा लागलेला आम्ही पाहिला नाही. याला कोणी लोकांचे मत घेणे म्हणत असेल, तर ती लोकांची उघड फसवणूक आहे आणि आम्ही तिचा धिक्कार करतो.

हे पहिल्यांदा घडले असते तर चूक म्हणून सोडून दिले असते. पण 17 एप्रिल 2020 आठवा. देश टाळेबंदीत, रस्त्यांवर पायी निघालेले मजूर, बाजार समित्या ठप्प. तो मुहूर्त साधून याच मंत्रालयाने याच कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला आणि हरकतींना 21 दिवस दिले. खुद्द केंद्र सरकारचे 2014 चे धोरण सांगते की कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे असावा, त्यातल्या मुख्य तरतुदी सोप्या भाषेत समजावून सांगाव्यात, लोकांच्या जगण्यावर आणि रोजीरोटीवर काय परिणाम होईल ते लिहावे. आपलेच धोरण मोडताना सरकारचा हात थरथरला नाही. ओरड झाली तेव्हा मुदत 5 जूनपर्यंत लांबली. मग शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसला. वीज विधेयक मागे घ्या ही त्याची पहिल्यापासूनची मागणी होती. डिसेंबर 2021 मध्ये सरकारने लेखी दिले की संबंधितांशी चर्चा केल्याशिवाय विधेयक संसदेत आणणार नाही. त्या कागदाची शाई वाळून जेमतेम 8 महिने झाले आणि 8 ऑगस्ट 2022 रोजी विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले आणि लोकसभेबरोबरच संपले. आता तीच मुळे पुन्हा फुटली आहेत.

मसुद्यात आहे काय? एकाच भागात अनेक वितरण कंपन्या येतील आणि तारा-खांब सामायिक वापरतील. 1 मेगावॉटहून मोठ्या ग्राहकाला वीज पुरवण्याच्या बंधनातून वितरण कंपनीला मोकळे करता येईल. वीजदर पुरवठ्याच्या पूर्ण खर्चाएवढा असावा. आणि कारखाने, रेल्वे, मेट्रो यांच्यावरचा क्रॉस सबसिडीचा भार 5 वर्षांत शून्यावर आणावा. हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. आज मोठा ग्राहक चार पैसे जास्त भरतो, म्हणून झोपडीतला दिवा आणि विहिरीवरची मोटर परवडते. तो जास्तीचा पैसा थांबला की भार कोणावर? मसुदा म्हणतो, राज्याने तिजोरीतून द्यावा. म्हणजे आजवर दराच्या रचनेत बसलेला आधार उद्या राज्य सरकारच्या मर्जीवर टांगला जाणार. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना 2024 मध्ये आली, ती मार्च 2029 पर्यंत आहे. त्यापुढचे कोणी सांगावे?

आणि स्पर्धेची गोडी आम्हाला कोणी लावू नये. मुंबईने ती चाखली आहे. 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपनगरांत एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. भरपूर वीज वापरणारे ग्राहक आधी उठून गेले, आणि 2012 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाला या जाण्यावर बंधन घालावे लागले. मुंबईसारख्या दाट वस्तीत ही गत, तर मेळघाटातल्या पाड्यावर दुसरी कंपनी कोणाच्या ओढीने येईल? येईल ती वाशी, ठाणे, हिंजवडी अशा ठिकाणी. मलई तिथेच आहे. जानेवारी 2023 मध्ये समांतर परवान्याविरुद्ध राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले ते याच कारणासाठी.

ज्याच्यासाठी आम्ही हे लिहितो त्याची रात्र ऊर्जा मंत्रालयातल्या एकाने तरी पाहावी. या आठवड्याची पाळी रात्रीची. थ्री फेज येणार म्हणून गडी जेवण उरकून स्टार्टरपाशी जातो. लाईट येते, मोटर उचलते, पाणी पाटाला लागते. गुडघाभर गार पाण्यात तो पाटाची दारं धरून उभा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे. उसात काही सळसळले की बॅटरी आधी तिकडे. फुरसे असेल, घोणस असेल, बिबट्याही असेल. पाऊण वाफा भिजतो आणि डीपीवरचा फ्यूज उडतो. वायरमनचा फोन लागत नाही, म्हणून कोरड्या काठीचा आधार घेऊन तो स्वतःच पेटी उघडतो. अशा पेटीपाशी चिकटून गेलेली माणसे आमच्या गावातही आहेत. पहाटे परतलेल्या या माणसाने आपले मत ई-मेलने कळवावे अशी अपेक्षा करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे!

लोकांना विचारायचे कसे, हे सरकारला ठाऊक नाही असे मुळीच नाही. ते 2003 च्या याच विद्युत कायद्यात लिहिले आहे. कंपनीला दर वाढवायचा असेल तर कलम 64 प्रमाणे अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो, आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात, निकालाला 120 दिवस असतात. महाराष्ट्रात आयोग नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणी सुनावण्या घेत आला आहे. अशाच एका सुनावणीत आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. धोतर-टोपीतले एक म्हातारेबाबा उठले. हातात कापडी पिशवी, पिशवीत 11 वर्षांची बिले. त्यांनी एकेक बिल टेबलावर मांडले आणि म्हणाले, "साहेब, पंप तीनचा, बिल पाचचं. मोजायला कोण आलं होतं?" कंपनीचे अधिकारी कागद चाळत राहिले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेतीपंपांच्या नावावर गळती आणि चोरी दडवली जाते, ही गोष्ट ग्राहक संघटनांनी वर्षानुवर्षे अशाच सुनावण्यांतून बाहेर काढली. ते सत्य अशा पिशवीतल्या बिलांतून आले. युनिटमागे चार पैसे वाढवायचे तर राज्यभर सुनावण्या, आणि तो दर ज्या कायद्याने ठरतो तो कायदाच बदलायचा तर एक ई-मेलचा पत्ता! हा न्याय कुठला?

बंद दाराआड वीज ठरली की काय होते हे महाराष्ट्राइतके कोणाला कळावे? 1993 मध्ये एन्रॉनशी करार झाला तेव्हा तो लोकांना दाखवला नाही. प्रश्न विचारणाऱ्या गुहागरच्या गावकऱ्यांना लाठ्या मिळाल्या. 2001 मध्ये एन्रॉनचा दाभोळचा प्रकल्प बंद पडला, राज्य वीज मंडळ कर्जात रुतले, आणि पैसा गेला तो त्यांचाच, ज्यांना करार वाचू दिला नव्हता.

गरिबीतून सुटायला स्वस्त आणि मुबलक वीज हवी असे सांगणारे बाबासाहेब आंबेडकर 1943 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात वीजधोरणाच्या समितीचे अध्यक्ष होते. गरिबाच्या विजेचे बोलणे तेव्हा परक्या राजवटीतल्या समितीपुढे मांडता आले. आज आपल्या राज्यात ते ऐकायला कोणाला वेळ नाही.

कारखानदाराचे गाऱ्हाणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या राज्यापेक्षा महाग वीज घेऊन इचलकरंजीचा यंत्रमाग चालत नाही, हे आम्हालाही दिसते. वितरण कंपन्यांवर वर्षानुवर्षांचा तोटा साचला आहे, हेही खरे. पण तो तोटा कोणाचा किती, हे उघड्यावर मोजा. यंत्रमागवाल्याला आणि पंपवाल्याला एका सभागृहात समोरासमोर बसवा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. हा मसुदा मागे घ्या. तो मराठीत आणि देशाच्या प्रत्येक भाषेत छापा, ग्रामसभेपुढे ठेवा. प्रत्येक महसूल विभागात जाहीर सुनावणी घ्या. कोणती हरकत मान्य केली, कोणती फेटाळली आणि का, हे लेखी प्रसिद्ध करा. विषय समवर्ती सूचीतला आहे. मग महाराष्ट्राच्या विधानसभेत एक दिवस तरी यावर चर्चा का होऊ नये? आमच्या आमदारांनी याचे उत्तर अधिवेशनात द्यावे. आणि सुनावणीची तारीख ठरवताना त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी दिवसाची आहे की रात्रीची, ते वायरमनला विचारून घ्यावे.